शिगमोचा ढोल आणि बारा फोटोंची मालिका

आमच्या छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात एक अख्खं सत्र तीन गोष्टींना दिलेलं होतं: इव्हेंट, स्ट्रीट आणि डॉक्युमेंटरी. शेवटी बारा फोटोंची मालिका, प्रत्येक फोटोखाली मजकूर आणि तोंडी परीक्षा. मी गोव्यातल्या डिचोलीची. शिगमो हा आमच्याकडचा फाल्गुनातला उत्सव माझ्या पाचवीला पुजलेला, त्यामुळे विषय शोधत फिरावं लागलं नाही. एकाच रोमटाकडे, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत निघणाऱ्या शिगमोच्या पथकाकडे, तिन्ही नजरांनी बघायचं ठरवलं.

इव्हेंटची तयारी पणजीच्या मिरवणुकीत झाली. वर्गात भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं काम आधी बघितलं होतं. अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा, एका वेळी एकच फिल्म, त्यामुळे कुठे उभं राहायचं हे बटण दाबायच्या आधी ठरलेलं असणार. मीही मिरवणुकीबरोबर धावायचं नाही असं ठरवलं. परीक्षकांच्या मंचासमोर पथकं थांबून नाचतात, तिथली जागा दुपारीच धरली.

अडचण दिव्यांची होती. चित्ररथांवरचे स्वस्त एलईडी डोळ्यांना स्थिर दिसतात, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ते सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. शटर १/५०० वर नेलं, म्हणजे ते सेकंदाचा पाचशेवा भागच उघडं राहिलं, की फोटोत आडवे पट्टे उमटतात. १/१०० वर पट्टे जातात, पण नाचणाऱ्यांचे हात पुसट येतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० आणि शटर १/१०० ठेवून मी ढोलवाल्यांकडेच बघत राहिले. ढोलावरची काठी वर जाते आणि खाली यायच्या आधी अगदी निमिषभर थबकते. 'ओस्सय ओस्सय'च्या गजरात तो ठेका अंगात भिनला की बोट बरोबर तिथे पडतं. काठी आणि चेहरा स्पष्ट, फेट्याचं टोक आणि मागचा ताशा हललेला. तोच फोटो पुढे मालिकेत टिकला.

स्ट्रीटसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. ३५ मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ वर, फोकस अडीच मीटरवर कायमचा लावलेला. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण पावणेदोन ते पावणेपाच मीटरपर्यंत सगळं नीट येतं, म्हणजे डोळा पुन्हा रस्त्यावर ठेवायला मोकळा. झोपलेली माणसं, भीक मागणारी माणसं आणि मोठ्यांना न विचारता मुलं, हे फोटो काढायचे नाहीत, असा आमच्या मॅडमचा दंडक होता. मला तो पूर्ण पटतो. अबोलीचे वळेसर गुंफणाऱ्या एका काकीशेजारी मी बराच वेळ बसून राहिले. केळीच्या सोपाचा दोरा ओला करून ती न बघता गाठ मारायची, गिऱ्हाइकाशी बोलत. चेहऱ्यापेक्षा हातांचे फोटो चांगले आले. मालिकेत ते बसत नव्हते, पण हातांकडे बघायची सवय तिथेच लागली.

खरं सत्र, म्हणजे डॉक्युमेंटरी, सुरू झालं ते मांडावर, गाव शिगमोसाठी जमतो त्या जागेवर. माझ्या मावशीच्या गावात, डिचोली तालुक्यातच, शिगमोच्या बऱ्याच आधीपासून रात्रीची तालीम चालते. पहिल्या रात्री गावच्या एका जाणत्या मामांनी सांगितलं, "बाय, नमन होईपर्यंत कॅमेरा पिशवीत राहू दे." नमन म्हणजे सुरुवातीचं देवांना वंदन. तो नियम मी शेवटपर्यंत पाळला. म्हणून मालिकेत नमनाचा फोटो नाही. त्याच्या आधीचे आहेत: चपला काढून ठेवलेल्या, नारळ, समई, आणि गवताच्या जाळावर ताशाचं कातडं तापवणारा मुलगा. तो दर थोड्या वेळाने कातड्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा जाळावर धरायचा. फायबरचे ताशे आल्यापासून हे काम कमी होत चाललंय.

ढोल वाजवणाऱ्यांपैकी एक दादा पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज नूतनीकरणं रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक विकला गेला. अंगणात त्याचे दोन टायर अजून आहेत, एकात तुळशीची रोपं लावलीत. पणजीत फेट्यात, घामात, प्रकाशात दिसलेला माणूस तो हाच. मिरवणुकीच्या दिवशी दुपारपर्यंत दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राबून मग ते टेंपोत चढले, हे मंचासमोर उभं राहून कधीच कळलं नसतं.

त्यांचं नाव फोटोखाली आलंच पाहिजे, यावर मी अडून बसले. १९३६ साली अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमोजवळ एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. जगभर गाजला. त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं ते १९७८ मध्ये, आणि आपलं नावही कुणी विचारलं नव्हतं ही खंत तेव्हा त्यांनी बोलून दाखवली. म्हणून मी प्रत्येक घरी छापील फोटो नेले, खालचा मजकूर वाचून दाखवला, आणि होकार मिळाल्यावरच नाव ठेवलं. ट्रकची गोष्ट लिहू का, असं विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "लिही. सगळ्यांना ठाऊकच आहे. पण टायरचा फोटो काढताना तुळस दिसली पाहिजे."

निवड हा सगळ्यांत कठीण भाग. शेकडो फोटो डिचोलीच्या स्टुडिओत चार बाय सहाच्या आकारात छापून घरच्या जमिनीवर पसरले. मॅडमची कसोटी एकच: हा फोटो काढून घेतला तर मालिकेतून काय जाईल? काहीच जाणार नसेल तर तो बाजूला. या कसोटीवर मिरवणुकीचे सगळ्यांत देखणे फोटो एकामागून एक गळाले. उरला फक्त ढोलाच्या काठीचा, दहाव्या क्रमांकावर, टायरच्या लगेच पुढे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या दोन फोटोंचा क्रम का, हेच विचारलं. मी दादांबद्दल सांगितलं. मग संमती कशी घेतली, नमन का नाही, यावरच बराच वेळ गेला.

हा विषय घेणाऱ्यांनी तारखांचा हिशेब आधी करावा. शिगमो फाल्गुनात, मालिका सादर करायची एप्रिलमध्ये, आणि मधले दिवस छपाई आणि निवडीतच जातात. पौष-माघातच एखाद्या मांडावर जाऊन बसायला लागा, आणि पहिल्या काही रात्री कॅमेरा न काढता.