गावसमितीच्या जंगल-मुक्कामाला जाताना

ताडोबाच्या बफरमध्ये (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या, गावं असलेल्या पट्ट्यात) किंवा मेळघाटात गावसमितीकडे मुक्काम करणार असाल, तर खोली ठरवण्याआधी दोन गोष्टी नक्की विचारा. पावती कुणाच्या नावाने निघते, आणि आंघोळीचं पाणी कशावर तापतं?

पावती समितीच्या नावाची हवी, पैसे समितीच्या खात्यात जायला हवेत. गाइड, स्वयंपाक, साफसफाई ही कामं घरांमध्ये पाळीने वाटलेली असावीत. पाळी नसेल तर दोन-तीन घरांचंच भागतं आणि बाकीच्या गावाच्या वाट्याला वाघाने मारलेली गाय तेवढी येते.

दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात सापडतात ती बरीचशी माणसं सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता किंवा गुरांसाठी जंगलात गेलेली असतात. वाकलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसतो. उघड्या चुलीवर बादलीभर पाणी तापवायला साधारण किलोभर लाकूड लागतं, आणि संध्याकाळच्या शेकोटीत अख्खी मोळी जाते. ती मोळी कुणाला तरी आणावी लागते. २०१५ पासून राज्याच्या जन-वन विकास योजनेतून बफरच्या गावांत गॅस दिला गेला, तो ही फेरी टाळण्यासाठीच. म्हणून शेकोटी मागू नका.

सोलरचं पाणी संध्याकाळी जास्त गरम असतं, तेव्हा आंघोळ संध्याकाळीच उरका. जेवण आदल्या दिवशी सांगा. भाजी आठवडी बाजारातून येते, ऐनवेळी मिळत नाही. ज्वारीची भाकर, चून (पिठलं) आणि वांग्याची भाजी मात्र मनसोक्त खा. मे महिन्यात ताडोबाकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि लाइट गेली की कूलर बंद पडतो, म्हणून जाड भिंतींची, कौलारू खोली निवडा. ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, दर मंगळवारी आणि पावसाळाभर बंद असतो.

अंधार पडल्यावर खोलीबाहेर एकट्याने फिरू नका. उष्टं बाहेर टाकू नका. त्यावर कुत्री आणि रानडुकरं येतात, कुत्र्यांमागे बिबट येतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तिथूनच वणवा पसरतो. जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर जाळावं लागत नाही. मोहफुलं विकत घेणार असाल तर अशी अंथरून वेचलेलीच मागा. त्यांत राख-माती नसते, दोन पैसे जास्त द्या.