गंगापूर धरणावर दोन दिवस: बोटीवर स्पिरिटचा स्टोव्ह नेणार असाल तर आधी हे वाचा

आठवडा झाला परत येऊन, उजव्या मनगटावरचे केस अजून आलेले नाहीत, म्हणून आधी मुद्द्याचंच सांगतो. डब्याच्या तोंडावरची रबरी चकती नसलेला स्पिरिटचा स्टोव्ह बोटीवर नेऊ नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

मी आणि मावसभाऊ, मित्राची अठरा फुटी शिडाची फायबर बोट, नाशिकच्या गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, शनिवार-रविवार. परवानगी, लाइफ जॅकेट, पोहता येणं हे तुमचं झालेलं असणार, त्यावर वेळ घालवत नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, तेव्हा पलीकडच्या काठाला जायचं असेल तर सकाळीच जा, एवढं बस.

आता स्टोव्ह. स्वीडिश ओरिगो, दोन बर्नरचा, सेकंड हँड, साडेसहा हजार मोजले. यात पंप नाही, प्रेशर नाही. आत स्टीलचे दोन डबे, प्रत्येकात 1.2 लिटर मावतं, आणि डब्यात लोकरीसारखं काहीतरी ठासून भरलेलं असतं ते स्पिरिट स्पंजसारखं धरून ठेवतं. वर जाळी, जाळीतून वाफ येते, ती जळते. बोट कलली तरी सांडत नाही, आणि गॅस लीक होऊन बोटीच्या तळाशी साचायची भीती नाही, म्हणून बोटवाले हा पसंत करतात. मीही त्याच भरवशावर घेतला.

डबा वापरात नसताना त्याच्या तोंडावर एक जाड रबरी चकती ठेवायची असते. माझ्याकडे ती नव्हती. विचारलं तर विकणारा म्हणाला, "ते पॅकिंगचं रबर होतं भाऊ, फेकून दिलं, तुम्ही फक्त भरा आणि पेटवा." मी विश्वास ठेवला.

सकाळी सातला घरी दोन्ही डबे भरले, स्टोव्ह केबिनमध्ये ठेवून झाकण लावलं आणि निघालो. दुपारी एकपर्यंत ती केबिन उन्हात भट्टीसारखी तापली. सहा तास दोन डबे उघड्या तोंडानं वाफ सोडत होते, आणि स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड, ती स्टोव्हच्या खोक्यात आणि खाली फळीवर बसून राहिली. वास आला होता, पण भूक लागली होती, काडी लावली. थप्प असा आवाज झाला आणि मला काहीच दिसलं नाही. भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही! मावसभाऊ ओरडला, "दादा, हात! हात मागं घे!" मी बघतोय तर टॉवेलची किनार आपोआप तपकिरी होत चाललेली, ज्योत नाही, धूर नाही, फक्त वरची हवा थरथरतेय, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी.

मग मी मोठी चूक केली, मगभर पाणी फेकलं. जळतं स्पिरिट त्या पाण्याबरोबर वाहत फळीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. पाणी स्पिरिटमध्ये मिसळतं त्यामुळं भरपूर पाण्यानं आग विझते, पण मगभर पाण्यानं ती फक्त पसरते. शेवटी मावसभावानं ओलं गोणपाट टाकलं आणि ते दाबून धरलं, तेव्हा कुठं विझली, वर दोन बादल्या ओतल्या. ओलं गोणपाट किंवा ओली जाड सुती चादर स्टोव्हपासून हाताच्या अंतरावर हवीच, सिंथेटिक ब्लँकेट अजिबात नको.

काठावर येऊन गोवर्धन गावाच्या बाजूला पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, डब्याच्या तोंडापेक्षा बोटभर मोठ्या दोन चकत्या कापल्या आणि वर वजन ठेवून वेळ मारून नेली. घरी आल्यावर सातपूरला जाऊन तीन मिलिमीटरची रबर शीट आणली, सपाट आणि बिनचिरेची. प्रत्येक चकतीला लाल नाडी बांधलीय, कारण पेटवताना ती काढायची विसरलात तर रबर तिथंच वितळेल. ज्योत बंद करायचं झाकणही एका बाजूनं वाकलेलं होतं, फट राहत होती, तिथल्याच एका वर्कशॉपवाल्यानं ठोकून सरळ करून दिलं. झाकणाची खिळ गंजली असेल तर तेल सोडा पण पेटवायच्या आधी पुसून काढा. आतली लोकर उकरू नका.

चकती नीट बसली का ते असं बघा: भरलेला डबा किचनच्या काट्यावर तोला, रात्रभर गॅलरीत ठेवा (देवघर, गॅस, विडी यापासून लांब), सकाळी परत तोला. माझा चकतीशिवाय 38 ग्रॅम उतरला, चकतीसकट 1 ग्रॅम.

भरायचं काठावरच, स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे किमान अर्धा तास थांबून. डबा तिरका धरा, जाळीशी स्पिरिट दिसलं की थांबा, मग उलटा करून बघा, थेंब पडला तर जास्त झालंय, काढून टाका. दिवसा पेटलाय का हे डोळ्यांनी नाही, वरून लांब हात धरून बघा. केबिनची खिडकी उघडी पाहिजे, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि या स्टोव्हवर ऊब घेत झोपायचा विचारही करू नका.

स्पिरिटमध्येही मला लुटलं. पेंटच्या दुकानात लिटरला 280 घेतले आणि निम्मं पाणी होतं. स्टीलच्या चमच्यात थोडं घेऊन उघड्यावर पेटवा, विझल्यावर चमच्यात पाणी उरलं तर ते स्पिरिट दुकानात परत करा. पिवळी ज्योत आणि काजळी आली तरी परत करा. मिथेनॉल किंवा थिनर कोणी स्वस्तात देत असेल तर नको, मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात आणि त्याची वाफही वाईट. सॅनिटायझर तर नकोच.

वेळेचंही फसवं सांगतात. स्पिरिटमध्ये गॅसपेक्षा उष्णता खूप कमी असते, वाऱ्यात एक लिटर पाण्याला मला बारा मिनिटं लागली. पिठलं-भात करणार असाल तर घरूनच भिजवून, चिरून न्या.

रविवार छान गेला, मागं अंजनेरीचा डोंगर दिसत होता, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

उरलेलं स्पिरिट किंवा डबा धुतलेलं पाणी धरणात ओतू नका, हेच पाणी नाशिकला प्यायला येतं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून घरी आणा.