कानामागचा गुलाल

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाचा, क्लास ठेवू नये, एवढी अक्कल पुण्याच्या नाना पेठेत जन्म काढलेल्या बाईला असायला हवी होती. 2025 साली विसर्जन शनिवारी आलं, 6 सप्टेंबरला. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आटोपली तेव्हा तिकडे मिरवणूक चालूच होती, आणि इकडे माझ्या दृढीकरणाच्या, म्हणजे पवित्र आत्मा स्वीकारण्याच्या संस्काराच्या, बॅचमधली बावीसपैकी नऊ मुलं समोर. त्यातली दोन पेंगत.

एरवी गळतीचं कारण वेगळं असतं. दहावीच्या कोचिंगवाल्यांना टेस्ट घ्यायला नेमकी रविवार सकाळ सापडते. मग आयांचे फोन : "टीचर, बोर्डाचं वर्ष आहे हो." जणू पवित्र आत्म्यानेही परीक्षा संपेपर्यंत थांबायचं! असो.

त्या दिवशी विषय होता कार्लो अकुतिस. दुपारी रोममध्ये पोप लिओ त्याला संत म्हणून जाहीर करणार होते. 1991 चा जन्म, ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांची वेबसाइट बनवणारा मुलगा, 2006 मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. असिसीत त्याचा देह ठेवलाय तो जीन्स आणि स्नीकर्समध्ये. आमच्या मुलांना संत म्हटलं की दाढीवाला म्हातारा आठवतो, तेव्हा हा तरी जवळचा वाटेल, असा माझा हिशेब.

वर्णन स्नीकर्सपर्यंत आलं आणि तिसऱ्या बाकावरचा एक जण बसलेल्या घशाने म्हणाला, "टीचर, शेजारच्या काकूंचा मोदक खाल्ला तर पाप लागतं का?" चेहरा स्वच्छ धुतला होता, पण कानामागे गुलाल तसाच. रात्रभर मंडळाबरोबर झांज वाजवून स्वारी थेट मिस्साला आली होती.

मी नववीत असताना मैत्रिणीच्या आईने वाटीत मोदक दिला होता, वर तुपाची धार. मी "आम्हाला चालत नाही" म्हणून वाटी परत केली. काकू काही बोलल्या नाहीत, नुसती वाटी उचलून आत गेल्या. त्यांची ती पाठ मला अजून दिसते. आमच्या टीचरनी पाठ करून घेतलेलं उत्तर मी चोख दिलं होतं.

म्हणून या पोरांना मी उत्तर दिलं नाही, बायबल उघडायला लावलं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय आठ. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का, हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी करिंथमध्ये भांडणाचं कारण झाला होता. पत्र लिहिणारा पौल म्हणतो, न खाल्ल्याने काही बिघडत नाही, खाल्ल्याने काही वाढत नाही. पण तुझं बघून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा पाय घसरत असेल, तर खाऊ नकोस. मुलं खूश, मीही खूश.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने पानं उलटली. "टीचर, दहाव्या अध्यायात तर उलटं आहे. प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर, दोन्हीकडे बसता येत नाही." मी पाहिलं, खरंच तसं होतं. आणि त्याच्याच पुढे : कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशी करू नका. पण हा प्रसाद आहे असं त्यांनीच सांगितलं, तर मात्र खाऊ नका.

"पण काकू तर सांगूनच देतात," गुलालवाला कळवळला. "घे बाळा, प्रसाद आहे!"

वर्ग हसून लोळला, पेंगणारे दोघेही जागे झाले. मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, आधार काढला : इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं 1965 साली लिहून ठेवलंय. मग पुण्यातल्याच सिटी चर्चची गोष्ट सांगितली. ती जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, त्यांच्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांसाठी. शनिवारवाड्यात गणपती बसवणाऱ्यांनी. मुलांना हे ठाऊकच नव्हतं. पण पुढच्या बाकावरची म्हणाली, "जागा घेणं वेगळं आणि प्रसाद खाणं वेगळं." तिचंही बरोबर होतं. वीस मिनिटं वाद चालला. एरवी पवित्र आत्म्याची सात दानं विचारली तर पाचव्यानंतर छताकडे बघणारी ही मुलं. कार्लो राहूनच गेला.

शेवटी मी कबूल केलं की माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नाही, पुढच्या रविवारी फादरना बोलावू. मात्र काकूंची वाटी परत करायची वेळ आलीच, तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दोन शब्द बोलून करा, एवढं सांगितलं.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला गुलालवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. "टीचर, झाला का तो संत?"

"झाला."

"बरं. मी झोपतो आता. काकूंनी डबा पाठवलाय."

"काय आहे डब्यात?"

"गोड आहे. कसलं ते विचारलं नाही."