क्लेर्माँ-फेराँ ते बेझिए: ए-७५ वरून कुठे कुठे उतरायचं

मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून भूमध्य समुद्राकडे उतरणारा ए-७५ महामार्ग सुमारे ३४० किलोमीटरचा आहे आणि त्यावर टोल एकच, मियोच्या पुलाचा. म्हणजे वाटेत कितीही वेळा उतरा आणि परत चढा, जादा पैसे पडत नाहीत. एका दमात समुद्र गाठायला निघालेल्यांचं हेच चुकतं. दोन दिवस ठेवा, मुक्काम सँ-फ्लूर किंवा मियोला करा.

इस्वारला अर्धा तास पुरतो. बाराव्या शतकातल्या चर्चला मागच्या बाजूने फेरी मारा, भिंतीवर बारा राशी कोरल्या आहेत.

सँ-फ्लूरच्या दक्षिणेला गाराबीचा रेल्वेपूल लागतो. आयफेलच्या कंपनीने तो १८८४ मध्ये पुरा केला. कमान १६५ मीटरची. जुन्या पुस्तकांत उंची १२२ मीटर असते, पण पुढे खाली ग्राँव्हालचं धरण झालं, पाणी चढलं आणि पूल ठेंगणा दिसू लागला. महामार्गालगतच्या थांब्यावरून तो छान दिसतो.

पुढे रस्ता ११२१ मीटरपर्यंत चढतो. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या डोंगरी भागात हिवाळी टायर लावलेले हवेत, नाहीतर बर्फात चाकांना लावायच्या चेन गाडीत हव्यात. समुद्राकाठच्या शहरातून भाड्याने घेतलेल्या गाडीत दोन्ही नसण्याची शक्यता असते, म्हणून बुकिंग करतानाच विचारा. जेवण दोनच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. इथला आलिगो म्हणजे बटाटा, ताजं चीज आणि लसूण घोटून केलेला तार सुटणारा लगदा. सोबत बहुधा सॉसेज येतं, ते नको असेल तर 'साँ व्यांद' म्हणा. कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, इथल्या पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं रेनेट असतं, रोकफोर या चीजमध्येही.

मियोचा पूल डिसेंबर २००४ मध्ये खुला झाला. लांबी २४६० मीटर, खांब सात, सर्वांत उंच टोक ३४३ मीटरवर. वरून जाताना मात्र फारसं काही दिसत नाही: कडेला वारा अडवणारे पडदे आहेत आणि थांबायला मनाई आहे. फोटोसाठी लोक गाड्या हळू करत, म्हणून वेगमर्यादा १३० वरून ११० वर आणली गेली. पूल पाहायचा तर उत्तर टोकाच्या थांब्यावर गाडी लावून टेकडीवर चढा, नाहीतर खाली तार्न नदीकाठच्या पेर गावातून पाहा. नॅव्हिगेशनमध्ये 'टोल टाळा' चालू असेल तर ते पुलाऐवजी मियो शहरात उतरवतं. ऑगस्टमध्ये हा फेरा महागात पडतो.

लारझाकच्या पठारावर ल केलारला उतरून ला कुव्हर्त्वारादला जाच. टेम्पलर या मध्ययुगीन लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाने वसवलेलं हे तटबंदीचं गाव आहे, पण तटाबाहेरचं दगडी कुंड चुकवू नका. इथला चुनखडक पाणी धरत नाही, सगळं आत मुरतं. म्हणून खोलगट जागी चिकणमाती घालून वर फरसबंदी केली आणि मेंढ्यांसाठी पावसाचं पाणी साठवलं. याच मेंढ्यांच्या दुधाचं रोकफोर होतं.

मग पा द लेस्कालेतचा उतार. ट्रकमागे नुसता ब्रेक दाबून ठेवू नका, तापतो; खालचा गियर टाका. काही मिनिटांत कुरणं संपून द्राक्षमळे सुरू होतात.

लोदेव्हच्या पुढे सालागूचा तलाव आहे. लाल माती, मध्ये काळा बेसाल्ट. संध्याकाळच्या उन्हात बघा. पावसानंतर ही माती चिखल होऊन चाकांना धरते, तेव्हा भाड्याची गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा.

पेट्रोलपंप बहुतेक बाहेरच्या गावांत, सुपरमार्केटजवळ असतात. रविवारी ते माणसाविना चालतात, चिप-पिनचं कार्ड लागतं आणि भरण्याआधी मोठी रक्कम अडवली जाते. फॉरेक्स कार्डात शिल्लक कमी असेल तर पंप नाकारतो. 'गाझोल' म्हणजे डिझेल, गॅसोलिन नव्हे. नोझलवरचं चिन्ह बघा: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवा, आणि गाडी बंद पडली तर उतरताना घालायचं चमकतं जाकीट डिकीत नको, हाताशी हवं.