रोस्टचं उठाव-मॉडेल: सपाट बेटाचा पेच

पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून मी रोस्टची उंच-सखल जमीन दाखवणारं मॉडेल करतोय, ते आता कुठे आकाराला आलंय. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटमाळेचं हे नैर्ऋत्येकडचं शेवटचं टोक, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. वस्ती साधारण पाचशेची, पण स्थानिक कारभार स्वतंत्र. बेटं आणि खडक मिळून ३६५, असं तिथले लोक सांगतात. मी मोजायला बसलेलो नाही!

प्रमाण १:२५,००० धरलंय, म्हणजे १ मिमी पुठ्ठा = २५ मीटर. स्टूरफ्येलेट डोंगराचे (२५९ मीटर) दहा थर रविवारी चढवले. डिंक पातळ झाला होता, खालचे तीन थर फुगले. रात्रभर पाट्याखाली दाबल्यावर बसले. यापुढे दाट डिंक, आणि दोन थर झाले की एक दिवस वाळवण.

खरी अडचण रोस्टलांडेटची. माणसं राहतात ती याच बेटावर, आणि उंची जेमतेम १२ मीटर. माझ्या प्रमाणात अर्धा मिमीसुद्धा भरत नाही. पुठ्ठ्याचा एक थर लावला तर बेट दुप्पट उंच होतं, आणि मग ते रोस्ट राहतच नाही. किनाऱ्यालगतच्या अशा सखल खडकाळ पट्ट्याला स्ट्रँडफ्लॅट म्हणतात. हा शब्द भूवैज्ञानिक हान्स रॉइश यांनी १८९४ मध्ये रूढ केला. कड्यांवर पफिन पक्षी, सपाटीवर घरं आणि कॉड मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या, अशी ही वाटणी मॉडेलमध्ये दिसायलाच हवी. शेवटी घरातली एक जुनी लग्नपत्रिका कापली. कागद नेमका हवा तेवढा जाड निघाला. बोट फिरवलं की समुद्रातून जमीन लागते, पण जेमतेम. फार समाधान वाटलं.

रोस्टच्याच सांडोया बेटावर लाल टाचणी लावली आहे. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी १४३१ च्या एप्रिलमध्ये क्रीट बेटाहून वाइन घेऊन फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) निघाला. वादळात सुकाणू गेलं, जहाज सोडावं लागलं, आणि जानेवारी १४३२ मध्ये उरलेली माणसं या निर्मनुष्य बेटाला लागली. त्यातले अकरा जगले. रोस्टच्या कोळ्यांनी त्यांना घरी नेलं, मे महिन्यापर्यंत सांभाळलं. मीठ न लावता वारा-उन्हात वाळून लाकडासारखा कडक होणारा मासा क्वेरिनीने तिथेच पाहिला आणि लिहून ठेवला. तोच सुका कॉड आजही इटलीला जातो.

आता रोस्टच्या स्कोमवेर बेटावरचं दीपगृह बाकी आहे. १८८७ चा ओतीव लोखंडी मनोरा, या प्रमाणात मिलीमीटरभराचा. टाचणीचं टोक कापून लाल रंगवायचं ठरवलंय.