आमची वाटचाल : जीआर निघाल्यानंतर काय होतं?

सरकारचा एखादा निर्णय लागू झाल्यावर माणसं नेमकं काय करतात, हे जागेवर जाऊन पाहायचं आणि आकड्यांसकट लिहून द्यायचं, हा आमचा व्यवसाय. २००५ साली मी आणि बँकेतली माझी एक सहकारी, अशा दोघींनी गिरगावात तो सुरू केला. आज आम्ही सात जण आहोत. मोठं काम आलं की फील्डवरची मुलं-मुली वेगळी. व्यापारी संघटना, सहकारी बँका, सामाजिक संस्था आणि कधीमधी एखादं सरकारी खातं आमच्याकडून अभ्यास करून घेतं. असल्या कामाला पैसे कोण देतं, असं लोक विचारतात. निर्णयाची झळ ज्याला बसते आणि ती का बसली हे ज्याला कळत नाही, तो देतो.

पहिलं मोठं काम मिळालं ते गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीतल्या जुन्या इमारतींचं. एका सामाजिक संस्थेला जाणून घ्यायचं होतं की भाडेकरू आहेत, मालक आहे, दुरुस्ती मंडळही आहे, मग दुरुस्ती का होत नाही? त्या कामाने आम्हाला घडवलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली, भाडी भडकली. त्यावर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. कायदा मुदतीचा होता, पण मुदत वाढत राहिली आणि अर्धशतक उलटलं. या कायद्याने माणसांना वाचवलं, हे मी आजही ठामपणे सांगते. गिरणीतला, गोदीतला कामगार दक्षिण मुंबईत टिकला तो या कायद्यामुळे. पण मिळणाऱ्या भाड्यात इमारत राखणं मालकाला जमेना आणि त्याने तिच्याकडे पाहणंच सोडलं. खोली सोडली तर पुन्हा तेवढ्या भाड्यात मिळणार नाही, म्हणून भाडेकरूही हलेना. हलायचंच असेल तर पागडी, म्हणजे हक्क सोडण्याची एकरकमी रक्कम, नव्या भाडेकरूकडून घेऊन, आणि त्यात मालकाचा वाटा. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. साडेएकोणीस हजारांहून जास्त इमारती त्याखाली आल्या. मंडळ आहे म्हटल्यावर मालकाने उरलासुरला हातही काढून घेतला.

हे सगळं आम्ही कागदावर वाचलं होतं. पण भुलेश्वरच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर जाताना जिन्याला लावलेले लाकडी टेकू हाताला लागले. वरच्या खोलीतल्या आजींनी पत्र्याच्या डब्यातून भाडेपावत्यांचा गठ्ठा काढून दिला. महिना बेचाळीस रुपये. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २००० पासून नवा राज्य कायदा लागू झाला. त्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा आली. बेचाळीसवर चार टक्के म्हणजे एक रुपया अडुसष्ट पैसे. आजी म्हणाल्या, "बाई, जिन्याची एक पायरी बसवायला सुतार आठशे मागतो." अहवालात आम्ही हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले.

तेव्हापासून प्रश्नावलीत "या निर्णयाबद्दल तुमचं मत काय?" हा प्रश्न आम्ही ठेवत नाही. "निर्णय आल्यावर तुम्ही पहिलं काय केलंत, आणि मग काय?" असं विचारतो. मत माणूस समोरच्याला पाहून देतो, पण पावती, वहीतली नोंद, बंद केलेला नळ, विकलेलं मशीन हे तसं बदलत नाही. महाराष्ट्रात या पद्धतीला मोठी परंपरा आहे. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिथे गावोगाव, घरोघर जाऊन पाहणी करण्याची शिस्त लावली. आमच्यासारख्या छोट्या फर्मने त्यांचं नाव घेणं मोठ्या तोंडाचं वाटेल, पण आम्ही काम करतो ते त्याच वाटेवर.

नव्याने येणाऱ्या मुलांना मी सुवर्ण नियंत्रणाचं उदाहरण देते, कारण ते झवेरी बाजारात जाऊन समजून घेता येतं. परकीय चलन वाचावं म्हणून १९६३ मध्ये चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. लग्नं काही थांबली नाहीत. सोन्याची मागणी तशीच राहिली, कारागिरांचे हात मात्र रिकामे झाले आणि मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करीला बरकत आली. चौदा कॅरेटची अट काही वर्षांतच मागे घेतली गेली, पण १९६८ चा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. फर्मान काढून गरज संपत नाही, हे मुलांना यातून लवकर उमगतं.

आम्ही सुरुवात केली तेव्हा गिरण्यांच्या जमिनीचा वाद कोर्टात होता. १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास करताना जमिनीचे वाटे पडायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता केला. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती कायम ठेवली. हेतू काय होता यावर दोन मतं आहेत आणि मी त्यात पडत नाही. परळ-लालबागमध्ये उभं राहून मैदानं मोजता येतात, तेवढं मला पुरे.

पैशांचं म्हणाल तर हा धंदा कठीण आहे. एका मोठ्या ग्राहकाने अहवालातलं एक प्रकरण काढायला सांगितलं, कारण त्यात त्यांच्याच सभासदांनी नियमातून कशी पळवाट काढली ते आलं होतं. आम्ही काढलं नाही. शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. त्या वर्षी आम्ही दोघींनी पगार घेतला नाही, मुलांचा मात्र थकवला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करू.

अलीकडचं सगळ्यात जवळचं वाटलेलं काम म्हणजे आयकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच)चं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मोठे खरेदीदार महिनोन्महिने अडकवतात, हे आम्ही स्वतः भोगलं आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम आला. करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकतं करा. नाही केलं, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच उत्पन्नातून वजा होईल. हेतू अगदी आमच्या मनातला. मार्च २०२४ मध्ये साकीनाक्याच्या एका गाळ्यात पत्र्याचं काम करणाऱ्या काकांनी फाइलमधून एक कागद काढून दाखवला. "आमची उद्यम नोंदणी नाही" असं सही करून द्या, अशी खरेदीदाराची मागणी होती. उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि नियम नोंदणी असलेल्यांच्याच बिलांना लागू. काका म्हणाले, "ताई, नोंदणी रद्द केली तर बँक विचारणार. नाही केली तर हा दुसरीकडे माल घेणार. वेळेवर पैसे मिळतील हो, पण कशाचे?"

काही ठिकाणी पैसे खरोखरच लवकर आले, आणि ते आम्ही अहवालात तितक्याच ठळकपणे मांडलं. बाकी ठिकाणी ऑर्डरी नोंदणी नसलेल्यांकडे किंवा मध्यम उद्योगांकडे वळल्या, कारण नियम मध्यम उद्योगांना लागू नव्हता.

परत जाऊन पाहण्याचे पैसे सहसा कुणी देत नाही. ते आम्ही आमच्या खर्चाने करतो, दर वर्षी एका जुन्या कामाचं. सध्या साकीनाक्याची पाळी आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली आणि गुंतवणुकीची १० वरून २५ कोटी. काल मध्यम असलेले कित्येक आज लघु झाले, म्हणजे ज्यांच्याकडे ऑर्डरी वळवल्या त्यांनाही आता ४५ दिवसांचा नियम लागू. त्या ऑर्डरी छोट्या गाळ्यांकडे परतल्या का, की आणखी वरच्या उद्योगांकडे सरकल्या, हे आम्ही गाळ्या-गाळ्यात जाऊन बिलबुकांवरून नोंदवतो आहोत.