मोडी शिकतोय : १४वा आठवडा, आणि १३७ पीडीएफना रामराम

मागच्या अपडेटनंतर दीड महिना गायब होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, मी मोडी (मराठीची जुनी, हात न उचलता लिहायची लिपी) शिकत नव्हतो, मोडीचं सामान जमा करत होतो. फोनमध्ये १३७ पीडीएफ, सहा ग्रुप, रोज कोणीतरी अक्षरांचा नवीन तक्ता टाकणार की मी लगेच सेव्ह करणार. वाचलं किती तर शून्य.

मग सगळं एका फोल्डरात कोंबलं, ग्रुप म्यूट केले आणि पणजोबांचं एकच खरेदीखत समोर घेतलं. रोज दोन ओळी, बस.

पहिला झटका म्हणजे तक्त्यावर पाठ केलेली अक्षरं कागदावर ओळखूच येईनात. २०१४ ला मोडी युनिकोडमध्ये आली, फॉन्ट छान आहेत, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शहाण्यासारखं वेगळं उभं राहतं आणि इथे लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ मारून घेतलीय आणि मग हात न उचलता सुटलाय, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, र तर शेजारी बघून रूप बदलतो.

एका एआय अ‍ॅपलाही फोटो दिला. चतुःसीमेत (जमिनीच्या चार बाजूंना काय आहे त्या भागात) त्याने ठामपणे ‘पूर्वेस वाडा’ असं वाचून दिलं. आता आमच्या त्या शेताच्या पूर्वेला वाडा कधीच नव्हता, ओढा आहे, लहानपणी त्यात खेकडे पकडलेत! भिंगाने बघितलं तर ‘वोढा’, जुन्या पद्धतीने लिहिलेलं. वोची मात्रा पुढच्या ढला चिकटलीय म्हणून घोटाळा. अ‍ॅप बंद नाही केलं, पण आता आधी मी वहीत वाचन लिहितो मग त्याला विचारतो, उलटं केलं की डोळ्याला तेच दिसायला लागतं.

साइडला पेशवाई पत्रांसाठी सुहूर सनाची (अरबी आकडेशब्दांत लिहायची जुनी वर्षगणना) पाठांतराची कार्डं चालू आहेत. ‘सबा अर्बैन मया व अलफ’ म्हणजे ७, ४०, १०० आणि १०००, झाले ११४७, त्यात ५९९ मिळवले की १७४६. वर्ष मृगाला बदलतं म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतचं पत्र असेल तर ६०० मिळवायचे, हे मी दोनदा विसरलो.

आत्तापर्यंत २३ ओळींपैकी १६ झाल्या. सतराव्या ओळीत एक जोडाक्षर चार दिवस अडलंय. फोटो टाकतो, पण प्लीज अख्खा शब्द सांगू नका, फक्त पहिलं अक्षर सांगा.